आंब्यातली अळी नेमकी कोणती? डीएनएच्या नोंदींवरून कीड ओळखण्याची पद्धत

१ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतातून येणारा आंबा बंद केला. त्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांचीही आयात थांबवली. २०१३ साली भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी व इतर किडी आढळल्या, हे त्याचे कारण होते. ऐन हंगामात हापूसचे बागायतदार, आडते व निर्यातदार अडचणीत आले. मालावरील प्रक्रिया व तपासणी सुधारल्यावर २०१५ च्या सुरुवातीस आंब्यावरील बंदी उठली. तांदळाच्या दाण्याएवढी अळी एवढ्या मोठ्या व्यापाराला अडवू शकते. म्हणून ती ओळखण्याची पद्धत व्यापाऱ्यालाही माहीत असावी.

नुसत्या डोळ्यांनी का ओळखता येत नाही?

प्रौढ माशी हाती आली, तर पंखांवरील व पोटावरील पट्टे पाहून जाणकार तिची जात सांगू शकतो. अळ्या मात्र एकसारख्याच दिसतात. पूर्वी अळी पाळून, कोषातून माशी बाहेर पडेपर्यंत थांबावे लागे. यात दिवस जातात, आणि अळी मेलेली असेल तर हा मार्गच बंद होतो. डीएनए मात्र मेलेल्या अळीतही असतो.

नोंदी कोठे असतात?

प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए असतो. तो ए, टी, जी, सी या चार घटकांच्या लांब साखळीने बनतो. २००३ साली कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी सुचवले, की प्राण्यांची जात ओळखण्यासाठी सीओआय या एका जनुकाचा सुमारे ६५० घटकांचा तुकडा वापरावा. दुकानातील मालावर बारकोड असतो, तसाच हा निसर्गातील बारकोड होय. अशा नोंदी ‘बोल्ड’ या संगणकीय भांडारात साठवल्या जातात. त्याहून जुने आणि मोठे भांडार म्हणजे अमेरिकेतील ‘जेनबँक’. ते १९८२ पासून चालू आहे, आणि युरोप व जपानमधील भांडारांशी त्याच्या नोंदींची देवाणघेवाण होत असते. तेथील नोंदी कोणालाही विनामूल्य पाहता येतात.

तपासणीच्या पायऱ्या

१) अळीच्या लहानशा तुकड्यातून डीएनए वेगळा करतात.
२) पीसीआर यंत्रात ठरावीक जनुकाच्या लाखो प्रती तयार करतात.
३) त्या तुकड्यातील अक्षरांचा क्रम यंत्राने वाचतात.
४) हा क्रम भांडारातील नोंदींशी ताडून पाहतात. जेनबँकेत हे काम ‘ब्लास्ट’ ही संगणक प्रणाली काही क्षणांत करते आणि कोणत्या नोंदीशी किती टक्के साम्य आहे ते दाखवते.

नाव कळल्याने फायदा काय?

नाकारलेली खेप नाव कळल्याने परत मिळत नाही, पण पुढची खेप वाचू शकते. आंब्यावर येणाऱ्या मुख्य फळमाशीचे नर मिथाइल युजेनॉलच्या सापळ्याकडे येतात. कारल्या-पडवळावरील फळमाशीचे नर त्याकडे फिरकत नाहीत, त्यांना क्यू-ल्यूर हे वेगळे आमिष लागते. नाव चुकले तर सापळा चुकतो. मग खर्च होऊनही कीड वावरात राहते.

साम्य म्हणजे निकाल नव्हे

भांडार म्हणजे अनेकांनी भरलेली वही. कोणी माशी चुकीच्या नावाने नोंदली असेल, तर आपल्या अळीलाही तेच चुकीचे नाव मिळेल. नावेही बदलतात. आफ्रिका, मलेशिया आणि फिलिपाइन्समधील तीन फळमाश्या वेगळ्या जाती मानल्या जात. पुढे अभ्यासकांनी त्या आपल्याकडील आंब्याच्या फळमाशीचीच, म्हणजे ‘बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस’ची, रूपे असल्याचे ठरवले. जुन्या नोंदींत मात्र जुनी नावे आढळतात. शिवाय काही जाती इतक्या जवळच्या असतात, की सीओआय हे एकच जनुक पुरत नाही. आंब्यावरील करप्याच्या बुरशीचेही असेच आहे. बुरशीसाठी आयटीएस हा वेगळा तुकडा वापरतात, पण करप्याच्या बुरशीची नेमकी जात ठरवायला त्याच्या जोडीला आणखी जनुके तपासावी लागतात. म्हणून ९९ टक्के साम्य दिसले, तरी एका नोंदीवर विसंबू नये. अनेक नोंदी पाहाव्यात, आणि जाणकाराने ठेवलेल्या नमुन्यावरून झालेल्या नोंदीला अधिक वजन द्यावे.

बागायतदार व व्यापाऱ्यांनी काय करावे?

फळात अळी सापडली तर ती फेकून देऊ नये. लहान बाटलीत ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून थंड जागी ठेवावी. फॉर्मेलिन वापरू नये, त्याने डीएनए खराब होतो. बाटलीत शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकावी: फळ कोणते, बाग कोणत्या गावची, तारीख कोणती. अनेक बागांचा माल एकत्र भरला जात असेल, तर पेट्यांवर बागवार खूण ठेवावी, म्हणजे कीड कोठून आली ते शोधता येईल. नमुना कोठे पाठवावा, हे कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागास विचारावे. बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोत कीटक ओळखण्याचे काम चालते. ही चौकशी हंगाम सुरू होण्यापूर्वीच करून ठेवावी. पेट्या बंदरावर अडकल्यानंतर धावपळ करून फारसे काही साधत नाही.