मातृदिन ज्या मातेमुळें सुरू झाला

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं पुष्कळ मंडळ्यांत मातांचा सन्मान होतो. मुलें फुलें देतात, गीतें होतात, भाषणें होतात. एके ठिकाणीं तर सन्मानाचें जेवणही त्याच मातांनीं पहांटे उठून रांधलेलें आम्ही पाहिलें आहे! हा दिवस ज्या बाईच्या स्मरणार्थ सुरू झाला तिनें काय केलें, हें मात्र फारसें सांगण्यांत येत नाहीं. म्हणून शब्बाथ शाळेच्या या पाठांत तिची हकीकत देत आहों.

तिचें नांव अ‍ॅन रीव्ज जार्व्हिस. जन्म १८३२ सालचा, अमेरिकेंतील व्हर्जिनिया संस्थानांतला. ज्या डोंगराळ भागांत तिचा संसार झाला, तेथें विषमज्वर, गोवर व घटसर्प यांच्या साथी वारंवार येत. तिला दहांहून अधिक मुलें झालीं. त्यांपैकीं चारच वाढून मोठीं झालीं. पाळणा रिकामा झालेल्या घराची अवस्था आमच्या वाचकांतील कित्येक मातांस सांगावयास नको.

अशा दुःखानें मनुष्य स्वतःस घरांत कोंडून घेतो. ही बाई बाहेर पडली. १८५८ सालीं, स्वतः गरोदर असतां, तिनें ग्राफ्टन व आसपासच्या गांवांतील बायांस जमवून मातांचीं कार्यमंडळें स्थापिलीं. तिचा भाऊ डॉक्टर होता; विषमज्वराच्या कामांत त्याचा लौकिक होता. या बाया घरोघर जाऊन स्वच्छता शिकवीत, दूध तपाशीत, पैसा जमवून गरिबांस औषध आणून देत. आणखी एक काम त्या करीत, आणि आम्हांस तें सर्वांत मोलाचें वाटतें. ज्या घरची आई क्षयानें अंथरुणास खिळली असेल, त्या घरीं काम करण्यास त्या पगार देऊन बाई ठेवीत. आजारी मातेस भेटावयास आपणही जातों, प्रार्थना करितों. परंतु तिचीं भांडीं तशींच पडलेलीं असतात, आणि तिचा जीव त्या भांड्यांत अडकलेला असतो.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. गांवोगांव दोन तट पडले. मंडळांनीं कोणताही पक्ष न घेतां दोन्हीकडच्या आजारी शिपायांची शुश्रूषा केली. युद्ध संपलें तरी वैर शमेना, म्हणून १८६८ सालीं तिनें प्रंटीटाऊन येथील न्यायकचेरीपाशीं दोन्ही पक्षांच्या शिपायांस त्यांच्या कुटुंबांसह एकत्र बोलाविलें. दंगा करण्याच्या धमक्या आल्या, तरी तिनें बेत मोडला नाहीं.

ग्राफ्टनच्या मेथडिस्ट मंदिरांत ती पुष्कळ वर्षें शब्बाथ शाळेंत शिकवीत असे. शास्त्रांतील मातांविषयींचा पाठ संपवितांना, मातांच्या सेवेच्या स्मरणार्थ कोणीतरी एक दिवस ठरवावा, अशी तिनें एकदां प्रार्थना केली. ती तिच्या १२ वर्षांच्या अ‍ॅना या मुलीनें मनांत धरून ठेविली, असें सांगतात. आई ९ मे १९०५ रोजीं वारली. १० मे १९०८ रोजीं त्याच मंदिरांत मातृदिनाची उपासना झाली, तिला अ‍ॅनाबाईंनीं ५०० पांढरीं फुलें पाठविलीं. १९१४ सालीं अध्यक्ष विल्सन यांनीं हा दिवस सर्व राष्ट्रासाठीं जाहीर केला. पुढें फुलें व कार्डें विकणाऱ्यांनीं त्याचा बाजार मांडला, तेव्हां अ‍ॅनाबाई त्यांच्याविरुद्ध पुष्कळ वर्षें झगडल्या.

पाठ चालविणाऱ्या बंधूंनीं शेवटीं वर्गास इतकेंच विचारावें: आपल्या गांवांत आज कोणती आई अंथरुणावर आहे, आणि तिच्या घरीं पाणी कोण भरितें?