आप्त कोण? : मोबाईल ॲपचे विश्वासू परीक्षक कसे शोधावेत



मालाची वानगी पाहिल्यावाचून सौदा ठरवू नये, हा धडा आपल्या पेढ्यांवर मुलांस अगदी कोवळ्या वयात मिळतो. पोत्यातून मूठभर दाणे काढावे, तळहातावर पसरावे, फुंकर मारावी, एखादा दाणा दाताखाली धरावा आणि मगच भाव बोलावा, ही आपली रीत. आता आपल्या घरांतील तरुण मंडळी ज्या नव्या उद्योगात शिरत आहेत, त्यातील माल असा तळहातावर पसरता येत नाही. कोणी उधारीचे खाते ठेवणारे मोबाईल ॲप तयार करतो, कोणी मालसाठ्याची नोंद ठेवणारे, तर कोणी सूर्यास्ताची वेळ सांगून चौविहाराचे स्मरण देणारे. असे ॲप लोकांच्या हाती देण्यापूर्वी त्याची परीक्षा झाली पाहिजे, हे सर्वांस मान्य असते. परंतु परीक्षक कोठून आणावे व त्यांतील विश्वासू कोणास म्हणावे, याविषयी पुष्कळ गोंधळ दिसतो. त्याचा थोडा क्रमवार विचार येथे करावा, असे आम्ही योजिले आहे.

नियमाची बाजू

अँड्रॉईड फोनवरील ॲप बहुतांशी 'गूगल प्ले' या भांडारातून लोकांपर्यंत जाते. ॲप तेथे ठेवू इच्छिणाऱ्यास खाते उघडताना एकदाच २५ डॉलर भरावे लागतात. दिनांक १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांस गूगलने एक अट घातली. प्रथम निवडक लोकांपुरती मर्यादित परीक्षा घ्यावी, तीत किमान २० परीक्षक असावेत, त्यांची नोंदणी सलग १४ दिवस टिकावी, आणि त्यानंतरच सार्वजनिक प्रकाशनासाठी अर्ज करावा, अशी ती अट होती. डिसेंबर २०२४ मध्ये परीक्षकांची किमान संख्या २० वरून १२ वर आणली गेली. १४ दिवसांची मुदत मात्र तशीच राहिली. संस्थेच्या नावे काढलेल्या खात्यास ही अट लागू नाही. अर्जाच्या वेळी परीक्षक कसे मिळाले, त्यांनी काय सांगितले व त्यावरून आपण ॲपमध्ये काय सुधारले, असे प्रश्नही विचारले जातात.

आयफोनसाठी ॲपल कंपनीची 'टेस्टफ्लाइट' ही सोय आहे. तीत स्वतःच्या चमूतील १०० आणि बाहेरचे १०,००० पर्यंत परीक्षक घेता येतात, आणि चाचणीची एक आवृत्ती ९० दिवस चालते. तेथे परीक्षकांच्या किमान संख्येची सक्ती नाही.

नियम आहे तो एवढाच. परंतु तो कानी पडताच ॲप करणाऱ्याच्या मनात बाराचा आकडा बसतो. मग मामा, आत्या, वहिनी, शेजारी, कॉलेजातील मित्र अशा सर्वांस फोन जातात. "काही करू नका, फक्त नाव नोंदवा आणि पंधरा दिवस काढू नका," अशी विनंती होते. प्रेमापोटी सारे होकार देतात. बाराची संख्या भरते, चौदा दिवस सरतात, आणि ॲपची परीक्षा मात्र झालेलीच नसते.

'आप्त' शब्दाचे दोन अर्थ

मराठी बोलीत आप्त म्हणजे नातलग. शास्त्रात ह्याच शब्दाचा अर्थ निराळा आहे. ज्याचे वचन प्रमाण मानावे, तो आप्त. दोषरहितता, सर्वज्ञता आणि हितोपदेश ही आप्ताची लक्षणे जैन आचार्यांनी सांगितली आहेत. आचार्य समंतभद्रांनी तर 'आप्तमीमांसा' या ग्रंथात आप्तपणाचीच परीक्षा मांडली. ज्या परंपरेत श्रद्धास्थानही परीक्षेतून सुटले नाही, त्या परंपरेतील व्यापाऱ्याने आपल्या ॲपला परीक्षेतून सूट द्यावी, हे शोभणारे नाही.

लौकिक व्यवहारात एवढी उंची कोणाजवळ मागावयाची नसते. तरी ह्या तीन लक्षणांची लहानशी प्रतिमा आपल्या कामी येते. परीक्षक निःपक्ष असावा. आपल्याविषयीच्या प्रेमाने किंवा भिडेने त्याचे मत झुकू नये. ॲप ज्या कामासाठी आहे, ते काम त्यास ठाऊक असावे. आणि त्याच्या ठायी हितबुद्धी असावी. दोष सांगावयाचा तो सुधारणेसाठी सांगावा. नातलगांजवळ तिसरा गुण भरपूर असतो, पण पहिल्या दोहोंची उणीव असते. म्हणून बोलीतील आप्त आणि शास्त्रातील आप्त यांची गल्लत करू नये.

सोन्याचे दागिने विकणाऱ्या बंधूंस हे निराळे सांगावयास नको. २०२१ सालापासून हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. तीत दागिना घडविणारा किंवा विकणारा स्वतःच शुद्धतेचा छाप मारीत नाही. मान्यताप्राप्त परीक्षणकेंद्रात सोन्याची कसोटी होते. सराफावर अविश्वास दाखविण्याचा ह्यात हेतू नाही. ग्राहकास विश्वासाचा आधार मिळावा, हा हेतू आहे.

कामाचा माणूस नसला म्हणजे काय होते

दुसऱ्या लक्षणाचे, म्हणजे कामाच्या ज्ञानाचे, महत्त्व दाखविणारी एक घटना अमेरिकेतील आयोवा राज्यात घडली. ३ फेब्रुवारी २०२० रोजी डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षीय उमेदवाराविषयी मत देण्यासाठी त्या राज्यात सुमारे १,७०० ठिकाणी सभा भरल्या. प्रत्येक सभेच्या प्रमुखाने तेथील आकडे एका नव्या ॲपमधून कळवावे, असे ठरले होते. ते ॲप घाईने तयार झाले होते, आणि संपूर्ण राज्याच्या प्रमाणावर त्याची पुरेशी परीक्षा झाली नव्हती. गंमत अशी की, आयफोनवर ते टेस्टफ्लाइटच्या वाटेनेच, म्हणजे परीक्षेच्या साधनातूनच, वाटले गेले होते.

त्या रात्री अनेक केंद्रप्रमुखांस ॲप फोनवर उतरवून घेणे किंवा त्यात प्रवेश करणे जमले नाही. त्यांनी फोन लावले, तो फोनच्या तारा तुंबल्या. शिवाय आकडे नीट नोंदले जात असूनही पुढे पाठविताना ते अपुरे जात होते. आज्ञावलीतील दोषामुळे असे झाल्याचे पक्षाने दुसऱ्या दिवशी सांगितले. निकाल कित्येक दिवस लांबला. सभांतून कागदी नोंदी ठेवल्या होत्या, म्हणून आकडे पुन्हा पडताळता आले.

ह्यातून व्यापाऱ्याने दोन गोष्टी घ्याव्या. ज्याच्या हाती अखेर ॲप पडावयाचे, त्या सामान्य केंद्रप्रमुखासारख्या माणसाच्या हाती ते आधीच द्यावे. आणि परीक्षेच्या काळात कागदी वही मिटू नये.

किती परीक्षक, कोणकोणते

ह्या विषयाचे एक जाणकार जेकब नीलसन यांनी २००० साली एक हिशेब लोकांपुढे ठेवला. त्यांच्या पाहणीत एक परीक्षक वापरातील सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करीत असे. पुढचा परीक्षक काही त्याच अडचणी दाखवितो, काही नव्या. अशा रीतीने पाच परीक्षकांत सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. म्हणून पंधरा जणांची एकच फेरी घेण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या घ्याव्या व प्रत्येक फेरीनंतर दुरुस्ती करावी, असा त्यांचा सल्ला आहे. मात्र वापरणाऱ्यांचे तीन किंवा अधिक निरनिराळे वर्ग असतील, तर प्रत्येक वर्गातून तिघे घ्यावे, असेही ते सांगतात.

हे अनेकांतदृष्टीस धरूनच आहे. हत्तीचा पाय धरणाऱ्यास खांब आणि कान धरणाऱ्यास सूप भासले, ही कथा आपण पाठशाळेत ऐकतो. उधारीच्या खात्याचे ॲप घ्या. पेढीच्या मालकास एकूण येणे किती, हे पाहावयाचे असते. दिवाणजीस जमा-नावे जुळवावयाचे असते. गल्ल्यावरील मुलास गिऱ्हाईक समोर उभे असता दोन बोटांत नोंद संपवावयाची असते. आणि गिऱ्हाइकास आपल्या नावावरची बाकी बरोबर आहे की नाही, एवढेच हवे असते. ह्या चौघांतून तीन-तीन माणसे घेतली, की बारा होतात. नियमाचा आकडाही भरतो आणि परीक्षाही खरी होते. काही जण मध्येच गळतात, म्हणून प्रारंभी अठरा-वीस नावे घ्यावी, हे शहाणपणाचे.

वर्गांबरोबर गावेही पाहावीत. बेळगावच्या दुकानात मराठीबरोबर कानडी नावे लिहावी लागतात, वडोदऱ्यास गुजराती, हैदराबादेस तेलुगू. 'ळ' आणि 'ऱ्या' ही अक्षरे पडद्यावर नीट उमटतात का, हे मराठी लिहिणाराच सांगेल. कोणाचा फोन जुना व स्वस्त, कोणाची दृष्टी मंद म्हणून अक्षर मोठे केलेले, कोणाच्या दुकानी इंटरनेट वारंवार तुटणारे, असे परीक्षक मुद्दाम शोधून घ्यावे.

ते मिळावे कोठे

पहिली जागा म्हणजे ज्या दुकानांशी आपला रोजचा व्यवहार आहे, ती. त्यांतही आज वहीत नोंद ठेवताना जे त्रासले आहेत, त्यांच्याकडे जावे. त्यांस ॲपची खरी गरज असते, म्हणून ते चौदा दिवस टिकतात. दुसरी जागा म्हणजे व्यापारी संघ आणि बाजार समित्या. तिसरी म्हणजे कर-सल्लागारांची कार्यालये. तेथील कारकून अनेक पेढ्यांच्या वह्या रोज पाहतो, त्याची नजर तीक्ष्ण असते.

निवड करताना एक साधा प्रश्न विचारावा: "हे काम तुम्ही आज कसे करता, ते दाखवाल का?" जो वही उघडून दाखवितो, तो घ्यावा. "फारच छान कल्पना आहे," एवढेच जो म्हणतो, त्याचे आभार मानावे आणि पुढे जावे.

चौदा दिवसांचा क्रम

पहिल्या दिवशी परीक्षकाजवळ बसून ॲप त्याच्या फोनवर त्यालाच उतरवू द्यावे. आपण हात पुढे करू नये. "कसे वाटले?" असे विचारू नये, भिडस्त माणूस "चांगले आहे" म्हणतो आणि विषय संपतो. त्याऐवजी काम द्यावे: "कालच्या तीन उधाऱ्या ह्यात लिहा." मग तो कोठे अडतो, काय शोधतो, ते मुकाट्याने टिपून घ्यावे.

पुढील दिवसांत अवघड प्रसंग मुद्दाम घडवावे. एकाच आडनावाची व नावाची दोन गिऱ्हाइके असतील तर काय होते? अर्धी रक्कम जमा झाली, माल परत आला, वटाव दिला, तर बाकी बरोबर निघते का? नोंद करतानाच फोन वाजला तर ती नोंद राहते की जाते? १,००,००० ही रक्कम आपल्या रीतीने लाखात लिहून येते का? दिवाळीस नव्या वह्या करणारा आणि १ एप्रिलपासून वर्ष धरणारा, अशा दोघांचेही चालते का? फोन बदलल्यास जुना हिशेब परत मिळतो का?

रोज रात्री ॲपमधील बाकी आणि वहीतील बाकी ताडून पाहावी. आठव्या दिवशी परीक्षकास एवढेच विचारावे: "ॲपमध्ये बाकी पाहिल्यावर तुम्ही पुन्हा वही उघडलीत का?" तो "हो" म्हणाला, तर त्याचा विश्वास अजून बसलेला नाही, असे समजावे आणि त्याचे कारण शोधावे. दुरुस्त आवृत्ती त्याच परीक्षकांस पुन्हा द्यावी, आणि ज्याच्या सांगण्यावरून जे सुधारले, ते त्यास आवर्जून कळवावे. आपले बोलणे ऐकले जाते, असे दिसले म्हणजे परीक्षक अधिक मोकळेपणाने बोलतो. मर्यादित परीक्षेतील हे अभिप्राय सर्वांस दिसत नाहीत व त्यांचा सार्वजनिक गुणांकनावर परिणाम होत नाही, हेही त्यास सांगावे. म्हणजे भीड कमी होते.

एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. परीक्षेच्या काळात गिऱ्हाइकांची खरी नावे व फोन क्रमांक ॲपमध्ये भरू नयेत. खुणेची नावे वापरावीत. व्यक्तीच्या माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ साली स्वतंत्र कायदा केला आहे. परंतु कायदा नसता तरी गिऱ्हाइकाची बाकी चारचौघांत उघडी न करणे, ही आपल्या पेढ्यांची जुनीच मर्यादा आहे.

विकत घेतलेली परीक्षा

पैसे घेऊन बारा नावे चौदा दिवस नोंदवून देणारे लोकही निघाले आहेत. तुम्ही आमचे नोंदवा, आम्ही तुमचे नोंदवितो, असा अदलाबदलीचा व्यवहारही चालतो. परीक्षकास त्याच्या वेळेचा मोबदला देणे गैर नाही. श्रमाचे मोल द्यावेच. परंतु न वापरलेले वापरले असे दाखविणे आणि अर्जात न मिळालेल्या सूचना मिळाल्या असे लिहिणे, हे वेगळे. श्रावकाच्या सत्याणुव्रताच्या अतिचारांत 'कूटलेखक्रिया' म्हणजे खोटा लेख करणे हा एक अतिचार सांगितला आहे. फोनच्या पडद्यावर भरलेला खोटा अर्ज त्यातून सुटत नाही.

आणि त्यात व्यवहाराचाही तोटा आहे. खोट्या परीक्षेने सुटलेला दोष नाहीसा होत नाही. तो गिऱ्हाइकाच्या खात्यात जाऊन बसतो. एखाद्या गरीब गिऱ्हाइकाने भरलेले पाचशे रुपये ॲपमध्ये जमा दिसले नाहीत, तर दुकानदार त्याच्यावर संशय घेईल, आणि वीस वर्षांचा संबंध एका संध्याकाळी तुटेल. ॲप करणाऱ्यास त्याची वार्ताही लागणार नाही.

म्हणून आमची सभासद बंधू-भगिनींस विनंती आहे की, आपल्या घरचा किंवा ओळखीचा एखादा तरुण "फक्त नाव द्या" म्हणून आला, तर त्यास रिकाम्या हाती पाठवू नये, आणि नुसते नाव देऊनही पाठवू नये. त्यास पेढीवर बसवावे, आपली वही दाखवावी, चौदा दिवस रोज दहा मिनिटे त्याचे ॲप खरोखर वापरावे आणि जे खटकले ते स्पष्ट सांगावे. संघाने इच्छुक दुकानांची एक यादी ठेवली, तर निरनिराळ्या गावांतील व धंद्यांतील परीक्षक अशा तरुणांस सहज मिळू शकतील. नात्याने आपण त्याचे आप्त असूच; परीक्षेनेही त्याचे आप्त व्हावे, एवढीच प्रार्थना.

जय जिनेंद्र.