स्त्रियांचे हृदय : एक दुर्लक्षित दुखणे

हृदयविकार म्हटला की छातीवर हात ठेवून खाली बसणारा पुरुष आपल्या डोळ्यांपुढे येतो. बाईमाणसाला हा आजार होत नाही, असा समज खेड्यात आहे तसाच शहरातही आहे. प्रत्यक्षात जगभर स्त्रियांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हेच आहे.

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या परिचयातील एका भगिनीचा जबडा व पाठ दुखू लागली, मळमळले, घाम आला. विचारले तर म्हणाली, "काई नही, थकी गऊ." घरच्यांनी लिंबूपाणी दिले, विश्रांती घे, असे आम्हीही सांगितले. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात कळले की तो हृदयविकाराचा झटका होता. जीव वाचला, पण हृदय कायमचे दुबळे झाले. आमच्या अज्ञानाची ही किंमत तिने मोजली, म्हणून हा लेखनप्रपंच.

लक्षणे ओळखा : स्त्रियांनाही छातीत दुखते किंवा दाब येतो. परंतु अनेकींमध्ये त्यासोबत, वा त्याऐवजी, दम लागणे, अकारण थकवा, मळमळ, घाम, पाठ, खांदा किंवा जबडा दुखणे ही लक्षणे दिसतात. म्हणून ते पित्त किंवा श्रम समजून सोडले जाते. मधुमेह असलेल्या स्त्रीला तर वेदना अगदी कमी जाणवू शकतात.

कारणे समजून घ्या : पाळी थांबल्यानंतर धोका वाढतो. गरोदरपणात रक्तदाब वा साखर वाढलेल्या स्त्रीला पुढील आयुष्यातही जपावे लागते. बाळंतपण झाले म्हणजे प्रश्न मिटला असे नाही. आपल्या खानदेशात मशेरी व तपकीर दातांना लावण्याची सवय जुनी आहे. तीही तंबाखूच होय. चुलीचा धूर, पापड-लोणच्यातील मीठ, भाजीवरील तेलाची तर्री आणि सर्वांना वाढून उरलेले शिळेपाके खाणे यांचाही परिणाम होतो.

दुसरा आजार गरिबीचा आहे. दाटीवाटीच्या वस्तीत मुलांचा घसा वारंवार सुजतो. पुढे काहींना ताप येतो, सांधे दुखतात आणि हृदयाच्या झडपा खराब होतात. हा संधिवाताचा हृदयविकार. मुलीच्या बाबतीत तो पुष्कळदा पहिल्या गरोदरपणात, दम लागल्यावर उघड होतो. घशाच्या दुखण्यावर वेळीच औषध दिले तर तो टळतो. एकदा असा ताप येऊन गेल्यास डॉक्टर पेनिसिलीनचे इंजेक्शन ठराविक दिवसांनी, वर्षानुवर्षे देतात. बरे वाटते म्हणून ते बंद करू नये.

काय करावे : तिशीनंतर प्रत्येक भगिनीने वर्षातून एकदा तरी रक्तदाब व साखर तपासावी. रक्तदाब पुन्हा पुन्हा 140/90 किंवा अधिक आला तर डॉक्टरांना दाखवावे व गोळी स्वतःच्या मनाने सोडू नये. वरील लक्षणे दिसताच 108 क्रमांकावर फोन करावा. हृदयाचा आलेख काढण्यास उशीर करू नये. पहिले काही तास मोलाचे असतात.

पैशाची भीती अनेकींना रोखते. 2 जुलै 2012 रोजी शासनाची जी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे जिल्हा होता. 2013 मध्ये ती जळगावसह सर्व राज्यात आली. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. हृदयाच्या अनेक शस्त्रक्रिया तीत होतात. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे. शिधापत्रिका व आधार कार्ड जवळ ठेवावे.

1928 मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. स्त्रीच्या शरीराची काळजी ही एकट्या तिची बाब नाही, हा धडा आपण त्यातून घ्यावा. दरवर्षी 31 जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपली माणसे जमतात. तेथे, तसेच वस्तीतील प्रत्येक कार्यक्रमात, रक्तदाब तपासणीचे एक टेबल असावे. आणि घरातील पुरुषांनी आज संध्याकाळी एवढेच विचारावे : "तुझी तपासणी कधी झाली होती?" उत्तर "कधीच नाही" असे आले, तर उद्याच तिच्यासोबत दवाखान्यात जावे.