बाहेर धो धो, पडद्यावर शून्य

प्रश्न : गच्चीवरच्या हवामान केंद्राचे पर्जन्यमापक भर पावसातही शून्य दाखवते. यंत्र बिघडले का?

उत्तर : बहुतेकदा बिघाड नसतो, कचरा असतो. नरसाळ्याच्या तळाचे भोक अगदी बारीक. एक पान किंवा कोळ्याचे जाळे त्याला पुरते. पाणी वर तुंबते आणि पाऊस थांबल्यावर थेंबथेंब उतरते. मग कोरड्या दुपारी पडद्यावर ‘पाऊस’ दिसतो!

नरसाळ्याखाली तराजूसारखी झुलणारी दोन खणांची पन्हळ असते. ती कलंडली की चुंबक स्विचसमोरून जातो आणि एक नोंद होते, अनेक यंत्रांत ०.२ मिलिमीटरची. खणात गाळ साचला की हिशेब चुकलाच. आधी बॅटरी काढावी, नाहीतर साफसफाईचाही पाऊस मोजला जाईल. कोमट पाणी, मऊ टूथब्रश पुरे. आसाला तेल मुळीच लावू नये. त्यावर धूळ चिकटते.

नंतर पाणसळीने पातळी पाहावी.

खात्री हवी? नरसाळ्याचा व्यास १६ सेंटीमीटर असेल, तर २०१ मिलिलिटर पाणी म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. बॅटरी बसवून ते अर्ध्या-पाऊण तासात थेंबथेंब सोडावे. पन्हळ सुमारे ५० वेळा कलंडायला हवी. पन्हळ हलते, पण आकडा नाही? मग संशय स्विचवर किंवा वायरवर.