कुजलेले मत आणि तहकूब ग्रामसभा



आजचा पाठ तरुणांसाठी आहे. परंतु त्याचा आरंभ एका जुन्या पराभवापासून करावा लागतो. हा पराभव आपल्याच मातीत झाला, म्हणून तो आपण नीट अभ्यासला पाहिजे.

१९५४ साली परमपूज्य बाबासाहेबांनी भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली. आजचा गोंदिया जिल्हा त्या वेळी भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. तो वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. मतदारसंघ द्विसदस्य होता, म्हणजे एक जागा राखीव, दुसरी सर्वसाधारण, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते. राखीव जागेसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे बाबासाहेब आणि काँग्रेसतर्फे भाऊराव बोरकर उभे होते. सर्वसाधारण जागेसाठी प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता उभे होते व त्यांना फेडरेशनचा पाठिंबा होता.

आता यातील मेख पाहा. राखीव जागा राखीव असली तरी दुसरी जागा सर्वांना खुली होती. एकूण मतांत वर असणारा उमेदवार अनुसूचित जातीचा असला तरी तो त्या जागेवर निवडून येऊ शकत असे. म्हणून आपल्या लोकांनी पहिले मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कोणालाच देऊ नये, ते वाया घालवावे, म्हणजे बाबासाहेबांची बाजू बळकट होईल, असा काही कार्यकर्त्यांचा हिशोब होता. याला त्या काळी 'मत कुजविणे' म्हणत. शब्द मोठा बोलका आहे. पेवातले धान्य कुजते, ते खाण्याच्या उपयोगाचे नाही आणि पेरण्याच्याही नाही.

बाबासाहेबांनी या गोष्टीला नकार दिला. ज्याने घटना लिहिली त्याने मतदाराला मत वाया घालविण्यास सांगावे, हे त्यांना पटण्यासारखे नव्हतेच. आणखीही एक कारण होते. १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईत काजरोळकरांकडून ते चौदा हजारांवर मतांनी पराभूत झाले, त्या वेळी मुंबईच्या त्या मतदारसंघात सत्तर हजारांवर मते बाद ठरली होती. मते कुजविण्याचा प्रचार झाला, अशी तक्रार घेऊन ते आणि अशोक मेहता निवडणूक न्यायाधिकरणापुढे गेले; तो अर्ज फेटाळला गेला. जो घाव स्वतः सोसला तेच शस्त्र दोन वर्षांनी हातात घ्या, असे त्यांना सुचविले जात होते. त्यांनी ते घेतले नाही. आपल्या माणसांची दुसरी मते मेहतांना मिळाली, मेहता निवडून आले. सवर्ण मतदारांची दुसरी मते मात्र बाबासाहेबांकडे तशी वळली नाहीत. बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी हरले.

द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने संपले. १९८९ साली ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. म्हणजे आज आमच्या शाळेतून बारावी होऊन बाहेर पडणारा मुलगा किंवा मुलगी वर्ष सरण्याच्या आत मतदार होऊ शकते. मग मत कुजविणे बंद झाले काय? माझे उत्तर असे की, आता ते मतपेटीत कमी कुजते. अधिक कुजते ते ग्रामसभेत.

मी शिक्षक आहे. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. माझ्या वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधीत रोवणी केली, आणि ग्रामपंचायतीची पायरी त्यांनी दाखल्यासाठी हात जोडूनच चढली. त्यामुळे ही इमारत 'त्यांची' आहे ही भावना माझ्यातही बराच काळ होती, हे कबूल केले पाहिजे. काही वर्षांपूर्वी माझे तीन जुने विद्यार्थी एका संध्याकाळी घरी आले. त्यांचा प्रश्न साधा होता : "सर, आपल्याच मोहल्ल्यात नाली का होत नाही?" मोर्चा काढावा, निवेदन द्यावे, रस्ता अडवावा, असे सर्व विचार त्यांनी करून ठेवले होते. मी म्हटले, "आधी प्रोसिडिंग बुक पाहा."

त्यांनी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. २००५ च्या या कायद्यात दहा रुपये शुल्क आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही, आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. कागद हाती आले. १५ ऑगस्टची ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब. पुढे काही दिवसांनी तहकूब सभा. तीवर तेवीस सह्या. त्या तेवीस जणांत आमच्या मोहल्ल्यातला एकही नाही. त्याच सभेत वर्षाची कामे मंजूर. कोणी अन्याय केला नाही असे मी म्हणणार नाही. परंतु तो अन्याय आमच्या गैरहजेरीच्या कागदावर लिहिला गेला होता, हे त्या पोरांना प्रथमच दिसले, आणि मलाही.

येथे कायदा नीट समजून घ्यावा. मतदार यादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येकजण ग्रामसभेचा सदस्य असतो. त्याला कोणी नेमावे लागत नाही. सभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० व्यक्ती, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी हजेरी लागते. ती नसेल तर सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! म्हणजे पहिल्या दिवशी आपण घरी राहिलो की दुसऱ्या वेळी मूठभर माणसे सगळ्या गावाच्या नावाने ठराव करू शकतात, आणि ते कायदेशीर असते. आपल्या झाडीपट्टीत ही गैरहजेरी समजण्यासारखीही आहे. १ मेच्या सुमारास माणसे तेंदूपानाला जंगलात असतात, १५ ऑगस्टला रोवणी कधी कधी लांबलेली असते, आणि तरणी पोरे नागपूर-हैदराबादकडे कामाला गेलेली असतात. पण समजण्यासारखी गोष्ट क्षम्य असतेच असे नाही.

आता धम्माकडे वळू. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी सांगितले की, संसदीय पद्धती भारताला नवी नाही. भिक्खू संघाला बैठकीची व्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सर्व ठाऊक होते. हे केवळ अभिमानाचे वाक्य नाही. विनय पाहा. संघाच्या साध्या कर्माला किमान चार भिक्खू लागत, मध्यदेशात उपसंपदेला दहा, आणि काही कर्मांना वीस. मते शलाकांनी घेतली जात. गण अपुरा असेल तर झालेले कर्म कर्मच नव्हे. जो भिक्खू आजारामुळे येऊ शकत नसे, तो आपली संमती दुसऱ्याबरोबर पाठवी. तिला 'छंद' म्हणत. अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही सभेतून सुटका नव्हती. आमचा कायदा या एका बाबतीत विनयाहून ढिला आहे, असे माझे मत आहे. वज्जींसंबंधी तथागतांनी आनंदाला विचारलेल्या सात गोष्टींपैकी पहिलीच ही होती की, ते वारंवार एकत्र जमतात काय. आणि दुसरी, ते एकमताने जमून एकमताने उठतात काय. शौर्याचा प्रश्न त्या यादीत नाही.

कोणी म्हणेल, गुरुजी मोर्चाला घाबरतात. तसे नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी आपल्या शेजारच्या मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्या नोव्हेंबरात विदर्भातील तरुण बहुतांशी कोणत्याही नेत्याची वाट न पाहता रस्त्यावर आले, त्यांनी लाठ्या खाल्ल्या, आणि तपास सीबीआयकडे गेला. ते आले नसते तर काय झाले असते याचा विचारही करवत नाही. परंतु २००८ साली भंडारा न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविताना अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही, आणि २०१० साली उच्च न्यायालयाने सहा जणांची फाशी बदलून पंचवीस वर्षांची शिक्षा दिली, तेव्हा रस्ता बराचसा रिकामा होता. त्याच कायद्याच्या १९९५ च्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असते आणि तिने तीन महिन्यांतून एकदा तरी बसायचे असते. तुमच्या जिल्ह्यातील समिती मागील वर्षात किती वेळा बसली, हे किती मंडळांनी विचारले आहे? १४ एप्रिलच्या वर्गणीची पावती पुस्तके मात्र आम्ही काटेकोर ठेवतो. (जयंतीची मी थट्टा करीत नाही. माझे पहिले भाषण त्याच मंचावर झाले, आणि मी मध्येच विसरलो होतो.)

आमच्या गावची हकिकत पुरी करतो. त्या तिघांनी पुढच्या सभेआधी घरोघर फिरून मतदार यादी तपासली; मोहल्ल्यातील अकरा तरुणांची नावेच नव्हती. आता वर्षातून चार तारखांना, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबरला १८ पूर्ण करणाऱ्याला नाव घालता येते. नमुना ६ भरावा लागतो. नियमित सभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, हे बायकांना कोणी सांगितले नव्हते. त्या दिवशी रोवणीतून परतलेल्या बाया चिखलाच्या पायांनी आल्या, आणि नालीइतकाच मोठा प्रश्न त्यांनी पुढे आणला, बोरिंगच्या पाण्याचा, जो त्या तिघांच्या यादीत नव्हता. एका म्हातारीने विचारले, पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी असतात म्हणतात, ते कुठे गेले? तिला हे तिच्या नातीने शिकविले होते. सभागृहात थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग हिशोबाची वही आली.

नाली झाली, पण अर्धी; बौद्ध विहाराच्या वळणापर्यंत. तिघांपैकी एक हैदराबादला गेला. उरलेल्या दोघांनी दर सभेच्या आदल्या सायंकाळी वंदनेनंतर विषयपत्रिका वाचून दाखविण्याची प्रथा पाडली आहे. सूचना सात दिवस आधी लागते, ती लागली नाही तर ते लेखी विचारतात.

या पाठाचा अभ्यास म्हणून एवढे करावे. आपल्या ग्रामपंचायतीच्या मागील चार ग्रामसभांच्या उपस्थितीच्या नकला मागाव्यात, त्यांत आपल्या वस्तीतील सह्या मोजाव्यात, किती सभा तहकूब झाल्या होत्या ते पाहावे, आणि तो आकडा विहारात फळ्यावर लिहून ठेवावा. पुढील सभा २६ जानेवारीची असो की १ मेची, तिच्या आदल्या दिवशी तो पुसू नये.