गाळाचं वय काढताय? आधी काप मोजा

तळ्यात सांडपाणी कोणत्या काळात शिरलं, हे गाळाच्या थरांतल्या किरणोत्सारावरून काढता येतं. शिसे-२१० मागच्या शंभरेक वर्षांचा हिशेब देतं. सीझियम-१३७ अणुचाचण्यांची १९६३च्या आसपासची खूण दाखवतं. आपल्या अक्षांशावर ती फिकट असते, एकट्या सीझियमवर विसंबू नका.

आधी जागा. अकलूजला नीरेच्या पात्रातला गाळ घेऊ नका; पूर आणि वाळूउपसा थर ठेवत नाहीत. दरवर्षी दारं काढतात तो कोल्हापुरी बंधाराही नको. उजनीत पाणीच १९८०च्या सुमारास अडलं, तिथे १९६३ कुठून सापडणार? 'गाळमुक्त धरण' योजनेत पोकलेन फिरलेलं तळं तर सोडूनच द्या. बारमाही पाण्याखालचा, न ढवळलेला तळ हवा. तळं ज्यांच्या ताब्यात, त्या ग्रामपंचायतीची किंवा खात्याची लेखी परवानगी घ्या. पीव्हीसी नळी सरळ दाबा, वरून बूच लावून उपसा, उभीच न्या. तारीख आणि जागेचे अक्षांश-रेखांश तिथेच लिहा. तारखेशिवाय हिशेब बसत नाही.

आता पैसे. दर नळीला नसतो, नमुन्याला असतो. ४० सेंटिमीटर गाळाचे दोन-दोन सेंटिमीटरचे काप म्हणजे २० नमुने. वर १८ टक्के जीएसटी. वाळवणं-दळणं, रेडियम-२२६, जड धातू आणि वयाची आकडेमोड दरात आहेत का, हे कोटेशनवर लिहून घ्या. नाहीतर हातात नुसते बेकरेलचे आकडे पडतात. बचत करायची तर आधी वरपासून खालपर्यंतचे पाच-सहा कापच मोजून घ्या. शिसे खाली कमी होत गेलं नाही, तर तिथेच थांबा. कोणी कार्बन-१४ सुचवलं तर नको म्हणा. अलीकडच्या दशकांना ते चालत नाही.

माती परीक्षण केंद्रात हे होत नाही. किरणोत्सार मोजणारी उपकरणं अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा, गोव्याची समुद्रविज्ञान संस्था अशा ठिकाणी असतात. महाविद्यालयातल्या प्राध्यापकामार्फत गेलात तर बरं. रेडियमसाठी नमुना तीन आठवडे हवाबंद, मग एकेकाला साधारण एक दिवस. २० नमुन्यांना दीड महिना धरा, रांग वेगळी.

तक्रार ताजी असेल तर आधी पाणी तपासा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी द्या. पुण्याच्या हरित लवादात भरपाई न मागता अर्ज केल्यास शुल्क १,००० रुपये. मागितल्यास रकमेच्या एक टक्का, किमान १,०००. मुदत वादासाठी सहा महिने, भरपाईसाठी पाच वर्षं. गाळाच्या अहवालाची वाट पाहत ती घालवू नका.