नाव लिहिताना

तुमच्या ओळखीत नझीर नावाचा कोणी मुलगा आहे का? असेल तर त्याला त्याचे नाव मराठीत लिहायला सांगा. तो चटकन 'नझीर' असे लिहील. आता तेच नाव त्याला उर्दूत लिहायला सांगा. नझीर अकबराबादी या प्रसिद्ध कवीचे नाव 'झोय' या अक्षराने लिहितात. त्याचा अर्थ उदाहरण किंवा बरोबरीचा असा होतो. कादंबरीकार डेप्युटी नझीर अहमद यांचे नाव मात्र 'झाल' या अक्षराने लिहितात. त्याचा अर्थ सावध करणारा. मराठीत ही दोन्ही नावे अगदी एकसारखी दिसतात. उर्दूत अक्षर बदलले की नावाचा अर्थच बदलतो.

उर्दूत असे काही थोड्या नावांच्या बाबतीत घडते. चिनी भाषेत ते प्रत्येक नावाच्या बाबतीत घडते. म्हणून चीनमध्ये परक्या माणसाचे नाव लिहायचे म्हटले, की लिहिणाऱ्याला आधी विचार करावा लागतो.

असे का होते? चिनी भाषेत अलिफ, बे किंवा अ, आ अशी वर्णमाला नाही. तेथे हजारो चिन्हे आहेत. एका चिन्हाचा उच्चार साधारणपणे एकाच झटक्यात होतो. जसे मा, लान, मिंग. बहुतेक चिन्हांना स्वतःचा अर्थही असतो. शिवाय एकाच उच्चाराची अनेक चिन्हे असतात. 'मा' हा उच्चार घ्या. आवाज वर चढवला, खाली आणला किंवा सरळ ठेवला, की त्याच 'मा'चा अर्थ आई होतो, घोडा होतो किंवा शिव्या देणे होतो!

समजा, नूर नावाच्या मुलीला आपले नाव चिनी लिपीत लिहायचे आहे. पहिला उच्चार 'नू'. त्यासाठी एक चिन्ह आहे, त्याचा अर्थ गुलाम. त्याच चिन्हाच्या खाली हृदयाचे चिन्ह काढले, की दुसरे चिन्ह तयार होते. त्याचा उच्चारही 'नू'च, पण अर्थ राग. हृदयाच्या जागी बळाचे चिन्ह काढले, तर अर्थ होतो प्रयत्न, मेहनत. आवाजाची चढउतार तेवढी वेगळी. आता नूरने यांपैकी कोणते चिन्ह घ्यावे? तुम्ही सांगाल तेच चिनी लोकही सांगतात. 'नूर' हे नाव ते मेहनतीच्या चिन्हाने 'नू-अर' असे लिहितात.

याला दुसराही मार्ग आहे. उच्चार सोडून द्यायचा आणि अर्थ घ्यायचा. नूर म्हणजे प्रकाश. चिनी भाषेत 'मिंग' असे एक चिन्ह आहे. त्यात एका बाजूला सूर्य आणि दुसऱ्या बाजूला चंद्र असतो. दोन्ही मिळून अर्थ होतो उजळ, तेजस्वी. चिनी मुलांच्या नावांत हे चिन्ह पुष्कळदा आढळते. मला विचाराल, तर नूरला हेच नाव अधिक शोभेल.

परंतु चिन्हे नेहमी अशी प्रेमानेच निवडली जातात, असे समजू नका. दोन हजार वर्षांपूर्वी चीनच्या उत्तरेला श्युंगनू नावाचे घोडेस्वार लोक राहत होते. त्यांची आणि चीनच्या बादशहांची वारंवार युद्धे होत. चिनी लेखकांनी त्यांच्या नावातला 'नू' कोणत्या चिन्हाने लिहिला? गुलामाच्या! दक्षिण चीनमध्ये याओ नावाचे लोक आहेत. त्यांच्या नावाच्या चिन्हात पूर्वी डाव्या बाजूला कुत्र्याची खूण काढत असत. उच्चार बरोबर होता, पण प्रत्येक वेळी नाव लिहिताना त्या लोकांचा अपमान होत होता. 1949 नंतर ही खूण काढून टाकण्यात आली आणि तिच्या जागी जेड या मौल्यवान खड्याची खूण आली. उच्चार तोच राहिला. नाव बोलून दाखवले असते, तर हा बदल कोणाला कळलाही नसता.

चिनी माणसाच्या नावात आडनाव आधी येते. ते बहुधा एका चिन्हाचे असते. त्यानंतर एक किंवा दोन चिन्हांचे नाव येते. आपल्याकडे पुष्कळ घरांत आजोबांचे नाव नातवाला ठेवतात. चीनमध्ये जुन्या रीतीप्रमाणे आजोबांच्या नावातले चिन्हसुद्धा मुलाच्या नावात घेत नाहीत. तो वडीलधाऱ्यांचा अनादर समजतात. आईवडील नवी चिन्हे शोधतात, ती आडनावासह मोठ्याने म्हणून पाहतात आणि मगच नाव पक्के करतात. 1949 साली जन्मलेल्या पुष्कळ मुलांची नावे 'ज्येनग्वो' आहेत. त्याचा अर्थ देश उभारणे.

चीनमधील अनेक मुसलमान कुटुंबांचे आडनाव 'मा' आहे. हे घोड्याचेच चिन्ह. पण मुहम्मद या नावातील ध्वनीवरून ते घेतले, असे मानतात. पंधराव्या शतकात मोठे आरमार घेऊन आपल्या कालिकत बंदरात आलेला दर्यावर्दी झेंग ह याच घराण्यातला. त्याचे मूळचे आडनाव मा होते. बादशहाने त्याला झेंग हे आडनाव दिले.

आता आपल्या देशातील माणसांकडे वळू या. 1924 साली रवींद्रनाथ टागोर चीनला गेले होते. 8 मे रोजी पेकिंग शहरात त्यांचा वाढदिवस साजरा झाला. त्या दिवशी ल्यांग छिछाव या विद्वानाने त्यांना एक चिनी नाव भेट दिले. ते नाव होते 'झू झेनदान'. झेन म्हणजे मेघगर्जना आणि दान म्हणजे पहाट. रवी म्हणजे सूर्य आणि इंद्र हा पावसाचा, विजांचा देव. म्हणजे 'रवींद्र' या नावाचा अर्थ त्यात आला. पण गंमत पुढेच आहे. प्राचीन भारतीय लोक चीनला 'चीनस्थान' म्हणत. ते नाव जुन्या चिनी ग्रंथांत 'झेनदान' असेच लिहिलेले आहे. आणि 'झू' हे आडनाव? भारताचे जुने चिनी नाव 'थ्येनझू' होते. त्यातला हा 'झू'. आडनावात भारत आणि नावात चीन! एका नावासाठी इतका विचार करणारा माणूस पाहुण्यावर किती प्रेम करत असेल, याची तुम्हीच कल्पना करा.

यानंतर चौदा वर्षांनी भारतातून पाच डॉक्टर चीनला गेले. 1937 साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले होते. चिनी सेनापती झू द यांनी पंडित नेहरूंकडे मदत मागितली. त्या वेळी सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. देशातून वर्गणी गोळा झाली आणि 1938 च्या सप्टेंबर महिन्यात डॉक्टरांचे पथक मुंबईहून आगबोटीने निघाले. डॉ. अटल हे पथकाचे प्रमुख होते. डॉ. चोळकर नागपूरचे, डॉ. द्वारकानाथ कोटनीस सोलापूरचे. डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी हे कलकत्त्याचे.

 या डॉक्टरांना चिनी पद्धतीची नावे मिळाली. डॉ. अटल झाले 'आय दहुआ'. आय म्हणजे प्रेम आणि द म्हणजे सद्गुण. डॉ. चोळकर 'झुओ कहुआ' झाले आणि डॉ. बसू 'बा सूहुआ'. डॉ. कोटनीस यांना 'के दिहुआ' हे नाव मिळाले. 'के' हे चीनमधील खरेखुरे आडनाव आहे आणि ते 'को'च्या जवळचे आहे. 'दि' हे एका फुलझाडाचे नाव. त्याची फुले एकमेकांना चिकटून उमलतात. म्हणून चिनी साहित्यात ती भावाभावांच्या मायेची खूण मानली जाते. पत्रात धाकट्या भावासाठीही हे चिन्ह वापरत असत. आणि पाचही जणांच्या नावांच्या शेवटी जो 'हुआ' आहे, त्याचा अर्थ आहे चीन.

इतर चौघे पुढे मायदेशी परतले. डॉ. कोटनीस राहिले. ते चिनी बोलायला आणि लिहायलाही शिकले. 1941 साली ते उत्तर चीनमधील एका इस्पितळाचे प्रमुख झाले. त्या इस्पितळाला डॉ. नॉर्मन बेथून या कॅनडाच्या शल्यविशारदाचे नाव दिलेले होते. बेथून यांचेही चिनी नाव होते, 'बाय छ्यू-अन'. बाय हे आडनाव, छ्यू म्हणजे शोधणे आणि अन म्हणजे कृपा. त्याच वर्षी डॉ. कोटनीस यांनी ग्वो छिंगलान या परिचारिकेशी विवाह केला. तिच्या नावातले 'लान' म्हणजे ऑर्किडचे फूल.

1942 च्या ऑगस्टमध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव सेनापती न्ये रोंगझेन यांनी सुचवले. चिनी भाषेत भारताला 'यिंदू' म्हणतात. त्यातले 'यिन' आणि वडिलांच्या नावातले 'हुआ' घेऊन मुलाचे नाव 'यिनहुआ' असे ठेवले. दोन चिन्हांत दोन देश.

मुलगा साडेतीन महिन्यांचा असताना, 9 डिसेंबर 1942 रोजी, डॉ. कोटनीस यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते अवघे बत्तीस वर्षांचे होते. श्च्याच्वांग शहरातील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत त्यांची कबर आहे. आपण त्यांना डॉ. कोटनीस म्हणतो. तेथे जाऊन तुम्ही 'कोटनीस' असे विचारले, तर कोणाला कळेलच असे नाही. 'के दिहुआ' म्हणा.